मासवडीची बिडाची कढई

सोमवार, १२ मे. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. आंबेगाव तालुक्यातल्या लोणी गावात, रत्नाच्या घराच्या मागच्या पडवीत, चुलीवर तापलेल्या कढईत तांब्याभर गार पाणी पडले आणि कढईला तडा गेला. आवाज एकदाच झाला, वाळकी फांदी मोडावी एवढा.

ती कढई म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची कढई आहे. बीड म्हणजे साच्यात ओतलेले लोखंड. पत्र्याचे भांडे आपटले तर त्याला पोचा येतो, तो ठोकून सरळही करता येतो. बिडाचे तसे नाही. ते एकतर अखंड असते, नाहीतर फुटलेले. माझे वजन पाच किलो तीनशे ग्रॅम, तोंड बारा इंच, कान दोन. त्या सकाळी काय झाले आणि त्याआधी काय काय झाले, ते मी सांगणार आहे. जे पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन, जे नुसते ऐकले ते ऐकले म्हणून.

माझा जन्म १९७० साली पुण्याच्या एका लहान फौंड्रीत झाला. तिथे पाण्याच्या इंजिनांची चाके ओतत. एक दिवस चाके ओतून थोडा रस उरला. तो काळ्या वाळूच्या साच्यात ओतला आणि मी झाले. माझ्या साच्यातली वाळू आतून चिरलेली होती. त्यामुळे माझ्या पोटात, काठाच्या चार बोटे खाली, एक बारीक उंचवटा गोल फिरून राहिला. डोळ्याला ती रेघ दिसते न दिसते, बोटाला मात्र लागते.

या रेघेमुळे जुन्नरच्या बाजारात दुकानदाराने मला सदोष मालात ठेवले होते. आक्काबाईच्या वडिलांनी तिथूनच मला उचलले. "रेघेनं काय व्हतंय? पोरीला शिजवायचंय, आरसा म्हणून का बघायचंय हिच्यात?" असे ते म्हणाले. १९७१ साली आक्काबाई लग्न होऊन लोणीला आली, तेव्हा तिच्या सामानात मी होते. ती सतरा वर्षांची होती.

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात मासवडी करतात. नाव मासवडी असले तरी तिच्यात मासा नसतो. उकळत्या पाण्यात मीठ, हळद, तिखट घालून त्यात बेसन सोडायचे आणि लाटण्याने घाटायचे. घट्ट गोळा झाला की ओल्या फडक्यावर थापायचा, त्यावर तीळ, खोबरे, लसणाचे सारण पसरायचे आणि माशाच्या आकाराची वळकटी करायची. काळ्या रश्शात बुडवून ती खातात. यात सगळा कस घाटण्याचा. कच्चे राहिले तर पीठ दाताला लागते, जास्त झाले तर वडी भेगाळते.

आक्काबाईने या कामाला कधी मापे घेतली नाहीत. तिचे माप माझ्या पोटात होते. पाणी रेघेपर्यंत. बेसन चार ओंजळी आणि वर मूठभर. घाटता घाटता पीठ रेघेला धरून बसे. मग एका क्षणी ते रेघेवरून अलगद सुटे, चारी अंगांनी. तेव्हा ती मला चुलीवरून उतरवी. आधी नाही, नंतर नाही. फौंड्रीत जो दोष होता, तो तिच्या हातात खूण झाला.

आक्काबाईचे घर बौद्धांचे. तिच्या सासऱ्यांनी १९५६ सालीच दीक्षा घेतलेली. १४ एप्रिलची जयंती असो, लग्न असो की पौर्णिमेला विहारातले जेवण असो, मासवडी आक्काबाईची. माझ्यात दिवसाला दहा-दहा घाणे निघत. शेजारच्या मळ्यातली कुशाबाई, जमीनदार घरची सून, पहिली अठरा वर्षे ही मासवडी बांधावर उभी राहून पानात घेऊन खायची. १९८९ साली ती एक दिवस पडवीत आली आणि चुलीजवळ बसून जेवली. कारण तिने सांगितले नाही आणि आक्काबाईने विचारले नाही. तेव्हापासून दोघी रोज एकमेकींचा उद्धार करायच्या.

२०१० च्या सुमारास घरात गॅस होताच, त्यावर न चिकटणारे हलके तवे आणि कढया आल्या. मी जड. मला दोन्ही हातांनी उचलावे लागे. आक्काबाईचा मुलगा चांगदेव एस.टी.त चालक आहे. त्याने मला उचलून कोंबड्यांच्या खुराड्याजवळ ठेवले. चौदा वर्षे कोंबड्या माझ्यात पाणी प्यायल्या. गंज आधी काठाला आला, मग पोटात उतरला. तक्रार म्हणून हे सांगत नाही. घडले ते सांगते.

मागच्या नोव्हेंबरात आक्काबाईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचा राहिली. तिची नात प्रज्ञा, वय तेवीस, मंचरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचे काम करते. तिला सगळे मोजून-मापून, वहीत लिहून लागते. डिसेंबरात ती वही घेऊन आजीच्या खाटेजवळ बसली. मी खिडकीबाहेरच होते.

"आजी, मासवडीला पाणी किती?"

"रेघंपत्तुर."

"कुठल्या रेघेपर्यंत?"

"कढईतल्या."

"आजी, आत्ताच्या कढईत रेघ नाही."

"मंग ती कढई न्हाई."

प्रज्ञाने वहीत काहीच लिहिले नाही. मग ती उठून बाहेर आली, कोंबड्या हाकलल्या आणि माझ्या पोटात बोट फिरवले. गंजाखाली तिला रेघ लागली.

आजीनंतर मासवडी करणारे घरात कोणी नव्हते. रत्नाला, म्हणजे आक्काबाईच्या सुनेला, ती कधी जमली नाही आणि तिने तसे कधी लपवले नाही. आजीची वाचा आहे तोवर, तिच्या डोळ्यांसमोर, याच कढईत शिकायचे असे प्रज्ञाने ठरवले. डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याची शक्यता सांगितलेली होती. म्हणजे मुदत होती, फक्त तारीख माहीत नव्हती.

रविवार, १९ जानेवारीला काम सुरू झाले. आधी मला दोन दिवस आंबट ताकात बुडवून ठेवले. मग काथ्याने आणि विटेच्या भुकटीने घासले. लाल पाणी निघाले, मग तपकिरी, शेवटी करडे. आठ रविवार नुसता गंज काढण्यात गेले. मग मला चुलीवर कोरडे केले आणि जवसाच्या तेलाचे पहिले पुट दिले.

मित्रांनो, हे पुट म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. बिडाचे भांडे उघडे असले की त्याला गंज चढतो आणि अन्न चिकटते. त्यावर तेलाचा पातळ हात फिरवून, तापवून, गार करायचे. तेल आटून कडक होते आणि भांड्याला काळी कातडी येते. एक पुट पुरत नाही. एकावर एक चढवावी लागतात. ते काळेपण म्हणजे काजळी किंवा घाण नव्हे. त्या कातडीनेच भांडे अन्नाला सोडते.

प्रज्ञाने पहिल्या वेळी तेल जास्त लावले. मी चिकट झाले. खाटेवरून आक्काबाई ओरडली, "तेल लाव, आन् लावलंच न्हाई असं पुसून काढ!"

कुशाबाई तिथेच शेंगा सोलत होती. म्हणाली, "आक्के, तुझी नात कढईची वेणीफणी करतीय. गजरा आणू का?"

"तू गप. तुला खायला बोलावलंय, बोलायला न्हाई."

"खायला कवा मिळायचं? मी मेल्यावर?"

"मंग तर लईच लवकर करायला पाहिजे गं प्रज्ञा. हिचा काय भरवसा!"

चिकट पुट घासून काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. एप्रिलअखेर अकरा पुटे झाली. या सगळ्या काळात रत्ना घरात होती, पण चुलीजवळ नव्हती. रविवारी ती कांद्याच्या शेतात असायची. आल्यावर स्वयंपाक, आक्काबाईचे अंथरूण-पांघरूण, औषधे. प्रज्ञाने तिला मी कशाने काळी होते आहे ते सांगितले नाही. आक्काबाईनेही नाही. दोघींना वाटले, ती रोज बघतेच आहे.

रविवार, ४ मे रोजी पहिला घाणा झाला. आक्काबाईला खुर्चीत बसवून पडवीत आणले होते. पीठ रेघेवरून तीन अंगांनी सुटले, चौथ्या अंगाला धरून राहिले.

"हितं अजून कच्ची हाय ती. दोन पुटं दे," आक्काबाई म्हणाली. "पुनवेला करू. नऊ वाजता बसव मला हितं. लाटणं तू धर, वरून माझा डावा हात ठिव. कवा सुटतंय ते सांगून कळत न्हाई, हाताला कळतं."

दोन पुटे झाली. रविवार, ११ मे रोजी संध्याकाळी प्रज्ञाने माझ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. तो पाऱ्यासारखा घरंगळला. मी तयार होते.

१२ मे ही वैशाख पौर्णिमा. दुपारी विहारात जेवण होते आणि चौदा-पंधरा वर्षांनी या घरची मासवडी तिथे जाणार होती. वड्या वळायला गल्लीतल्या बायका नऊ वाजता येणार होत्या. लॅबमधून तातडीचा फोन आल्याने प्रज्ञा सव्वासहाला मंचरला गेली, नऊच्या आत येते असे सांगून.

रत्ना पाचलाच उठली होती. तिने घर सारवल्यासारखे पुसले, पांढरी साडी काढून ठेवली आणि पडवीत आली. चुलीशेजारी मी होते, तेरा पुटांची, काळी.

रत्नाचे माहेर डिंभ्याजवळचे. तिच्या लहानपणी तिची आई रोज पहाटे भांडी राखेने घासायची, तोंड दिसेपर्यंत. वरच्या आळीतली बाई दारात आली की तिची नजर आधी आपल्या भांड्यांवर जाते, तिला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये, असे ती मुलींना सांगायची. रत्नाने लग्नानंतर तीस वर्षे हेच केले. या घरात स्टीलचा डबासुद्धा काळवंडलेला नसतो. हे तिने मला सांगितलेले नाही. नंतर ती कुशाबाईला सांगत होती, ते मी ऐकले.

तिने चिंच घेतली, राख घेतली, तारेची घासणी घेतली. साडेसहा ते सव्वासात, पाऊण तास. आतल्या खोलीतून आक्काबाईने विचारले, "काय घासतीस गं?"

"भांडी, आत्या."

उत्तर खरेच होते. आक्काबाईने पुढे विचारले नाही.

सव्वासातला मी पांढरी झाले होते. पंचावन्न वर्षांत मी एवढी कधी चकाकले नव्हते. रत्नाने मला उन्हात धरून पाहिले आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान होते. मला तेव्हाच कळले होते. पण कढईला सांगता येत नाही.

पावणेआठ झाले तरी प्रज्ञाची गाडी नव्हती. लेकीचे काम हलके व्हावे म्हणून रत्नाने चूल पेटवली, पाणी उकळले, बेसन सोडले. पीठ माझ्या उघड्या अंगाला धरले ते सुटेना. खाली करपले. धूर झाला. तिने उलथन्याने निघेल तेवढे काढले, बाकीचा खरपुडा माझ्या पोटात लाल निखाऱ्यांवर तापत राहिला. बायका यायला पन्नास मिनिटे होती. तो सुटावा म्हणून तिने माठातले तांब्याभर पाणी ओतले.

तडा काठापासून निघाला, रेघ ओलांडून बोटभर खाली गेला. एकूण पाच बोटे.

आतून आवाज आला, "रत्ना, हात भाजला का गं?"

"न्हाई, आत्या."

"बरं." मग, "कढई गेली का?"

रत्ना खाली बसली.

प्रज्ञा आठ वाजून पन्नास मिनिटांनी आली. तिने आधी तडा पाहिलाच नाही. तिने माझा रंग पाहिला.

"आई, हिच्यावरचा काळा थर कुठंय?"

"काढला. बाया येणार, पुनव हाय. त्यांच्यापुढं काळं भांडं मांडू चुलीवर?"

"ती घाण नव्हती, आई. चार महिने त्याच्यासाठीच राबत होतो आम्ही!"

"मंग मला कुणी सांगितलं?" रत्ना म्हणाली. "तुमी दोघी नि ती कुशाआत्या. वहीत लिव्हलं, हसलात, समदं केलंत. मला कुणी सांगितलं?"

नऊ वाजता बायका आल्या, पाहिले, आणि कांदे चिरायला बसल्या. विहारात त्या दिवशी या घरून भात गेला.

पुढच्या आठवड्यात प्रज्ञाने मला बाहेरून तड्यावर कणीक लावून पाणी भरले. रेघेपर्यंत एक लिटर शंभर मिलिलिटर बसले. तिने ते वहीत लिहिले. तेवढेच पाणी, तेवढेच बेसन घेऊन तिने दुसऱ्या कढईत दोनदा घाटले. आक्काबाईने दोन्ही वेळा चाखले.

"ग्वाड लागतंय," ती म्हणाली. "पण ह्ये पिठलं हाय, बाळा."

"कुठं चुकलं?"

"त्या कढईत पीठ कुठनं सुटतंय ते मला दिसंना, तर मी तुला काय सांगू?"

२१ मे रोजी प्रज्ञा मला पिशवीत घालून मंचरला सोपानच्या वर्कशॉपमध्ये घेऊन आली. सोपान ट्रॅक्टरचे नांगर आणि ट्रॉल्या जोडतो. त्याने मला उलटसुलट करून टिचकी मारली. माझा आवाज बद्द आला.

"बिडाला वेल्डिंग धरत न्हाई, ताई. निकेलचा रॉड लागंल, तो पुण्याहून आणावा लागतो. आधी सगळी कढई तापवायची, मग जोडायची, मग राखेत पुरून दिवसभर गार करायची. एवढं करून धरलं तर धरलं. चुलीवर पुन्हा उलंल. मी काय खात्री देत न्हाई."

"तुम्ही करा."

"नवी घ्या ना राव, ताई. ऑनलाइन मिळत्यात."

"तिच्यात रेघ नसते, दादा."

सोपानला हे समजले नाही, पण त्याने मला फळीवर ठेवले. मी तेव्हापासून तिथेच आहे. इथून पुढचे घरातले सगळे ऐकीव आहे.

मंगळवार, ३ जूनला आक्काबाईला दुसरा झटका आला. वाचा गेली. डोळे उघडे असतात, माणूस ओळखते की नाही ते डॉक्टरांना सांगता येत नाही. पातळ पेज उतरते.

शुक्रवारी, ६ जूनला रत्ना एकटी आली. तिने पिशवी खाली ठेवली, माझ्या काठावरून हात फिरवला. फळीवर पंधरा दिवसांत मला पुन्हा गंज धरला होता.

"ही माझ्या हातनं फुटली," ती सोपानला म्हणाली.

"जुनी व्हती, मावशी. कवातरी फुटणारच."

"जुनी व्हती म्हणूनच नीट करीत व्हत्या त्या दोघी." तिने पदराने माझा गंज पुसायला सुरुवात केली आणि मध्येच हात मागे घेतला. "पुसलं तर चालतंय का हिला? काय नुकसान न्हाई ना?"

"पुसा की."

तिने पुसले, अगदी हलक्या हाताने, आणि गेली.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घरातली जुनी वस्तू हातात घेण्याआधी विचारा, की ही कशी वापरायची, कशी ठेवायची. आणि ज्यांना ते माहीत आहे, त्यांनी कोणी विचारायची वाट पाहू नका. घरातल्या प्रत्येकाला सांगा. शेतातून दमून आलेल्यालाही सांगा. मला कोणी टाकून दिले तेव्हा मी फुटले नाही. चौदा वर्षे पावसात राहून फुटले नाही. मी फुटले ती एका चांगल्या बाईने, चांगल्या दिवशी, मनापासून घासल्यामुळे. तिच्यावर राग धरण्यासारखे मला काही सापडत नाही आणि त्याचा उपयोगही नाही.

पुण्याहून रॉड बुधवारी आला. गुरुवारी, १२ जूनला दुपारी चार वाजता सोपानने मला शिकंज्यात धरले. तडा पुढे जाऊ नये म्हणून त्याच्या टोकाला आधी बारीक भोक पाडतात. त्याने ड्रिल लावले. भोक पडले, आणि तडा ते भोक ओलांडून दोन बोटे पुढे गेला. आता तो तळाजवळ आहे. सोपानने मशीन बंद केले, मला पुन्हा फळीवर ठेवले आणि बाहेर जाऊन चहा घेतला.

शुक्रवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी प्रज्ञाचा फोन आला. सोपानचे हात ग्रीसने माखले होते, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"दादा, रॉड आला का?"

"आलाय, ताई."

"मग उद्यापर्यंत होईल? शिजवून खायचं नाहीये आम्हाला. आजीसमोर एकदा घाटायचं, तेवढंच. तिचा हात धरून मीच लाटण्यावर ठेवणार आहे. एक घाणा टिकली तरी पुरे. नंतर फुटली तर फुटू दे."

सोपानने फळीकडे पाहिले.

"बघतो, ताई," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तडा सात बोटे झाला आहे, हे त्याने तिला अजून सांगितलेले नाही.